आयटी अजून हाय का?

धनाजी भोसले करमाळ्याच्या मार्केट यार्डात तोलार आहेत. तोलार म्हणजे शेतकऱ्यांची पोती काट्यावर चढवून वजन सांगणारा माणूस. त्यांचे मेहुणे शुक्रवार पेठेत माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. गेल्या मे महिन्यात ते आपल्या मुलीला घेऊन मेहुण्यांकडे आले आणि संध्याकाळी दोघं माझ्याकडे वर आले. मुलगी प्रतीक्षा, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. घरात काही ठरत नव्हतं म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन बसलेली. धनाजी सोफ्याच्या कडेवर टेकले, पाणी प्यायले आणि आडवळण न घेता विचारते झाले.

"ताई, आयटी अजून हाय का? का संपलं?"

नाक्यावरचं दुकान उघडं आहे की उठलं, असं विचारावं तसा त्यांचा स्वर होता. मला हसू आलं. पण उत्तर आलं नाही.

हे नवल होतं, कारण हे उत्तर माझ्या तोंडात कायम तयार असायचं. मी अठ्ठावीस वर्षं सोलापुरात सॉफ्टवेअरचं काम केलं. पुण्याला गेले नाही, बंगळूरला गेले नाही. एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर चार माणसांची आमची कंपनी होती आणि आम्ही लहान रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहायचो. पेशंटची नोंद, तपासण्यांचे रिपोर्ट, कुठल्या खाटेवर कोण, हे सगळं कागदावरून संगणकावर आणायचं, असं ते काम. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या वस्तीतली संगणकाची पहिली पदविका माझी. ज्या घरात भोंगा वाजला नाही म्हणून चूल थंड पडली, त्या घरात माझ्या कीबोर्डनं चूल पेटवली. तेव्हा कुणी मुलाला घेऊन आलं की मी विचारसुद्धा करत नसे. "घाला कॉम्प्युटरला," म्हणायचे. दर मे महिन्यात निदान चार-पाच जणांना तरी असं सांगितलं असेल.

धनाजींना ते सांगता आलं नाही, याचं कारण सतीश. मागच्या गल्लीतल्या शोभाताईंचा हा मुलगा माझ्याच सांगण्यावरून या क्षेत्रात गेला. पुण्यात अकरा वर्षं तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम उलटासुलटा वापरून बघायचा, चुकीची बटणं दाबायची, कुठे अडतंय ते लिहून ठेवायचं, हे टेस्टरचं काम. धनाजी येण्याच्या महिनाभर आधी त्याच्या कंपनीनं ते काम एआयवर सोपवलं आणि त्याच्यासारख्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं. तो सोलापूरला आला, मला भेटायला आला. मी चहा केला, होईल सगळं ठीक, असं काहीतरी बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही मला नोकरी सांगितली. काम नाही सांगितलं."

रागानं म्हणाला नाही. त्याचं म्हणणं असं की, अकरा वर्षं त्यानं दुसऱ्या कुणीतरी केलेल्या यादीवर खुणा केल्या. ते सॉफ्टवेअर कोण वापरतं, कशासाठी वापरतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. 

म्हणून धनाजींना मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. करमाळ्याहून एसटीनं आलेल्या माणसाला हे उत्तर कसं वाटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग मी एक गोष्ट सुचवली. मी निवृत्त झाले असले तरी एक रुग्णालय त्या दिवसांत मला बोलवत होतं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर, म्हणजे मीच लिहिलेलं, काढून नवं बसवायचं चाललं होतं आणि जुन्यात काय कुठं आहे ते सांगायला माणूस हवा होता. प्रतीक्षानं आठ दिवस मामांकडे राहावं, माझ्याबरोबर यावं, काम काय असतं ते बघावं. मग मी उत्तर देईन.

"नुसतं बघून कळंल का?" धनाजींनी विचारलं.

"तुम्ही तोलाई कशी शिकलात?"

"बघूनच की," ते म्हणाले आणि मुलीला ठेवून गेले.

पहिल्या दिवशी रुग्णालयात मी तिला सॉफ्टवेअर दाखवलं नाही. तिथंच पूर्वी घडलेली महादेवी बिराजदार यांची हकीकत सांगितली. आजवर मी ती कुणाला पूर्ण सांगितली नव्हती.

रुग्णालयात एकच माणूस वेगवेगळ्या वेळी येतो आणि दर वेळी त्याची नवी नोंद होते. मग एका माणसाचे तीन-तीन कागद तयार होतात आणि आधीचं दुखणं डॉक्टरांना दिसत नाही. म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. नाव, वडलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर, आडनाव आणि जन्मतारीख हे सगळं जुळलं, तर माणूस एकच आहे असं समजून दोन नोंदी जोडून टाकायच्या. अकरा आठवडे लागले होते मला. चालला तेव्हा मी कंपनीत पेढे वाटले होते.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. खरं म्हणजे ठाऊक होती, पण ती इथं लागू होईल असं डोक्यात आलं नाही. आपल्याकडे खेड्यातल्या निम्म्या माणसांची जन्मतारीख एक जून असते. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग मास्तर एक जून लिहून टाकायचे. वळसंगच्या महादेवी शिवप्पा बिराजदार यांची तारीख एक जून होती. तिथून थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या एका गावात महादेवी शिवानंद बिराजदार होत्या. त्यांचीही एक जून, सालही तेच. माझ्या प्रोग्रामनं दोन बायकांची एक बाई केली.

दुसऱ्या महादेवींना मधुमेह होता. वळसंगच्या महादेवी खोकल्यासाठी आल्या तेव्हा त्यांच्या कागदावर तो मधुमेह छापून आला. डॉक्टर नवीन होते. त्यांनी साखर तपासली, ती बरोबर निघाली. त्यांना वाटलं, गोळ्या लागू पडताहेत. त्यांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. ज्या बाईला आजारच नाही ती आठ महिने त्या आजाराच्या गोळ्या घेत राहिली. एक दिवस न्हाणीघरात घेरी येऊन पडली आणि मनगट मोडलं.

हाड बसवायला त्यांना दाखल केलं, तेव्हा वॉर्डात अलका सिस्टर होत्या. त्या पेशंटची नाडी धरता धरता दोन गोष्टी बोलायच्या आणि बाई असली की माहेर कुठलं ते विचारायच्याच. वळसंगच्या महादेवींनी अक्कलकोटजवळचं एक गाव सांगितलं. सिस्टर थबकल्या. याच नावाच्या बाईनं आपल्याला मागे मंगळवेढ्याकडचं माहेर सांगितलेलं त्यांना आठवत होतं. त्या तशाच खाली आल्या आणि मला फोन लावला. मी जाऊन बघितलं. दोष माझ्या प्रोग्रामचाच होता, दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

आमच्या मालकांनी मला सांगितलं की, पेशंटच्या घरी जायचं नाही, गेलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. मी पुढच्या रविवारी वळसंगला गेले. महादेवीबाई ओट्यावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. मी कोण, काय केलं, ते मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"मशीनमदी हाय म्हनले डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, असंल. लेकीच्या लग्नात हुग्गी केली हुती. गव्हाची खीर वो. सगळ्या गावानं खाल्ली. मी चव बी घेतली न्हाय."

हाताचं मी मनात धरून गेले होते, खिरीचं मला माहीत नव्हतं. मग त्यांनीच विचारलं, "आन ती दुसरी कशी हाय? माझा कागद तिला गेला असंल की."

हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी पडद्यावर दोन नोंदी वेगळ्या केल्या होत्या आणि सुटकेचा श्वास टाकला होता. दुसऱ्या महादेवींना कुणी कळवलंच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी रुग्णालयातला माणूस आणि गाडी घेऊन त्यांच्या गावी गेले. वळसंगच्या बाईंची साखर बरोबर निघाली म्हणून या बाईंच्या गोळ्या कमी केल्या गेल्या होत्या आणि पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती. त्यांना त्याच गाडीतून आणलं. अंगठा वाचला, पण थोडक्यात.

त्यानंतर मी प्रोग्राम बदलला. अलका सिस्टरांशी बोलून बायकांच्या नोंदीत एक रकाना वाढवला, माहेरचा. तो भरल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही अशी सोय केली. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये माहेर विचारणारी मी पहिलीच असेन, असा माझा समज आहे. त्या रकान्याचा मला अभिमान होता. 'होता' असं का म्हणते, ते पुढं येईल.

प्रतीक्षानं सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिनं मोबाइल काढला आणि विचारलं, की तुम्ही लिहिला होता तो प्रोग्राम एआयकडून लिहून घेऊन बघू का? मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही मराठीतच सांगितलं, एकाच पेशंटच्या दोन नोंदी ओळखून जोडायच्या आहेत. मी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवेपर्यंत प्रोग्राम तयार होता. अकरा आठवड्यांचं काम. मी ओळ न् ओळ वाचली. लिहिलेलं स्वच्छ होतं, माझ्यापेक्षा नेटकं. आणि त्यात नाव, जन्मतारीख व मोबाइल नंबर जुळला की माणूस एकच, असं धरलं होतं. म्हणजे जवळपास माझीच चूक. आपल्याकडे अख्ख्या भावकीत मिळून एक नंबर दिलेला असतो.

मग मी एआयला एक जूनचं सांगितलं. त्यानं लगेच सुधारणा केली, तारखेवर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि वर मलाच विचारलं, की तुमच्या भागात काही लोक आडनाव आधी सांगतात का? आपल्याकडची तेलुगू घरं सांगतात. मला ते सुचायला पाच वर्षं लागली होती. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी दिवेलागणीपर्यंत त्याला प्रश्न विचारत बसले, याला आणखी काय काय कळतं ते बघत. इतकं कुतूहल मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

शेवटी प्रतीक्षानं विचारलं, "मॅडम, माहेरचं तुम्हाला कुणी सुचवलं?"

"अलका सिस्टरांनी."

"मग सिस्टरनीच ह्याला सांगितलं तर चालंल की. मधे तुम्ही कशाला?"

तिला टोचून बोलायचं नव्हतं, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, त्या वेळी मशीनला मराठी समजत नव्हतं. सिस्टरांचं म्हणणं मशीनच्या भाषेत लिहून देणारं कुणीतरी लागायचं, ती मी.

"आता समजतंय," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढचे तीन दिवस मी तिला नोंदणीच्या खिडकीवर क्लार्कशेजारी बसवलं. काही करायचं नाही, फक्त बघायचं. मी आतल्या खोलीत नव्या कंपनीच्या लोकांना जुन्या फायली समजावून देत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन आत आली आणि तिनं मला विचारलं, माहेरच्या रकान्यात 'अ' का लिहितात?

मला कळेना. मी नोंदी उघडल्या. एकामागून एक, पानंच्या पानं, माहेर: अ. माहेर: अ. रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं, म्हणून समोर येईल ते पहिलं अक्षर दाबलेलं. गेली किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे. मी उठलेच, क्लार्कला फैलावर घ्यायला. प्रतीक्षा म्हणाली, मी विचारलंय त्यांना.

क्लार्कनं तिला सांगितलं होतं ते असं. बाहेर चाळीस माणसांची रांग. मधे काच. काचेतून आवाज जात नाही म्हणून ओरडून विचारायचं, आजी, माहेर कुठलं? मागं नवरा, सून, अनोळखी माणसं. काही बायकांना ऐकू येत नाही, काही लाजतात. एकीनं सांगितलं, भाऊ गेल्यापासून मला माहेर नाही, आणि तिथंच रडायला लागली. त्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडून दिलं.

मी परत खुर्चीत बसले. हा रकाना करून दिल्यानंतर मी त्या खिडकीवर एक तासभरसुद्धा बसले नव्हते. माझं लक्ष रकाना आहे की नाही याकडे होतं. तो कुणी कुणाला, कुठे, कशा आवाजात विचारायचा, हे बघणं माझं काम आहे असं मला वाटलंच नव्हतं. सतीश मला जे म्हणाला होता ते मला त्या दुपारी नीट कळलं.

अलका सिस्टर आता मेट्रन आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. प्रतीक्षा आपणहून त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला बायकांच्या वॉर्डात नेलं आणि सांगितलं, मी बीपी बघते, तू गप्पा मार. दंडाला पट्टा बांधलेला असताना माणूस कुठे जात नाही आणि त्याला बोलायला आवडतं. दोन तासांत वॉर्डातल्या जवळजवळ सगळ्या बायकांची माहेरं प्रतीक्षाच्या वहीत आली होती. कुणाचं विजापूरकडचं, कुणाचं इथलंच साखर पेठेतलं, आणि एक-दोघींनी तर माहेरच्या विहिरीपर्यंतची हकीकत सांगितलेली. तिचं म्हणणं सरळ होतं. हा प्रश्न खिडकीवर नको, वॉर्डात बीपी बघताना विचारावा. नव्या कंपनीचा मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. मी त्याला हे सांगितलं आणि आमच्यादेखत त्यानं तो रकाना खिडकीच्या नोंदीतून वॉर्डाच्या नोंदीत हलवला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

आठव्या दिवशी धनाजी आले. मी माझं उत्तर जुळवून ठेवलं होतं. मी त्यांना सांगितलं की, आयटी संपलेलं नाही. पण दुसऱ्यानं दिलेली यादी घेऊन दिवसभर बटणं दाबायची, त्यावर पगार घ्यायचा, तो भाग आता माणसाकडे राहील असं मला वाटत नाही. लोक काम कसं करतात ते बघायला ज्याला आवडतं, त्याला मी अजूनही जा म्हणेन. आणि तुमच्या मुलीला ते आवडतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

धनाजींचा चेहरा खुलला. त्यांनी चहाचा कप उचलला आणि विचारलं, मग कॉम्प्युटरचा फॉर्म भरायचा ना?

"आप्पा, मी नर्सिंगला जाते," प्रतीक्षा म्हणाली.

कप तसाच बशीत परत गेला. धनाजींनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ताई, मी हिला कॉम्प्युटरचं इचारायला आणली हुती."

मी म्हटलं, मलाही आत्ताच कळतंय. ते खरंच होतं. प्रतीक्षानं वडलांना समजावून सांगितलं, आवाज न चढवता. "काय विचारायचं ते सिस्टरला माहीत असतंय. आतापतूर मशीन तिचं ऐकत नव्हतं, मॅडमचं ऐकत होतं. आता सिस्टरचं बी ऐकतंय. मग मी सिस्टरच होते की."

धनाजी महिनाभर माझ्यावर नाराज होते. मेहुण्यांकडे आले तरी वर आले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी मुलगी एका कामासाठी माझ्याकडे सोपवली होती आणि मी ती दुसऱ्याच कामासाठी परत केली होती. पुढं प्रवेशाच्या वेळी मात्र ते स्वतः तिच्याबरोबर रांगेत उभे राहिले, असं मामांनी सांगितलं.

सतीशला अजून मनासारखं काम मिळालेलं नाही. त्याला मी हा सगळा प्रकार फोनवर सांगितला. तो हसला आणि म्हणाला, त्या खिडकीवर मला बसवलं असतंत तर मीसुद्धा 'अ' शोधला असता. ते शक्य आहे. त्याला तशी खिडकी कुठे मिळेल, हे मात्र मला सांगता आलं नाही. दुसऱ्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं सल्ले दिल्यावर एवढं तरी आपल्याला यायला हवं होतं, असं वाटत राहतं.

कधी कधी मनात येतं की, माझी अठ्ठावीस वर्षं म्हणजे दुसरं काय होतं? अलका सिस्टरांना जे दिसत होतं ते मी मशीनपर्यंत पोचवत होते. निरोप पोचवण्याचंच काम. ते मी मन लावून केलं आणि एकदा दोन बायकांच्या अंगावर शेकेल इतकं चुकवलं. अशा कामाला यापुढं माणूस लागेल की नाही, मला ठाऊक नाही. पण निरोप तयार कुठं होतो ते मला आता ठाऊक आहे, आणि तिथं एक मुलगी गेली आहे.

परवा तिचा फोन आला. पहिलं वर्ष, वॉर्डातलं काम नुकतंच सुरू झालेलं. पेशंटचा ताप अजून तिथं कागदाच्या तक्त्यावर पेनानं टिपतात. त्या तक्त्यात दुपारी दोनचा रकाना आहे आणि दोन वाजता तर जेवणाची गाडी येते, सगळ्या सिस्टर तिकडं अडकतात. मग तो ताप तीनला बघतात आणि दोनच्या रकान्यात लिहितात.

"मॅडम, दोनच का ठेवलं असेल?" तिनं विचारलं. "हा तक्ता केला कुणी?"

मी म्हटलं, मला नाही माहीत. तू विचारून बघ आणि मला पण सांग.